नवी विटी, नवं राज्य: गेमच्या धंद्यातले जाणते जातात तेव्हा

जून २०१३. लॉस एंजेलिसमध्ये ई-थ्री हे व्हिडिओ गेमचं वार्षिक प्रदर्शन भरलं होतं. त्याआधी मायक्रोसॉफ्टने आपल्या नव्या एक्सबॉक्स वनसाठी एक अजब नियम जाहीर केला होता: विकत घेतलेली डिस्क मित्राला द्यायची, तर कंपनीच्या अटी पाळून. सोनीने यावर जेमतेम बावीस सेकंदांची फिल्म टाकली. नाव मात्र भारदस्त, जुना गेम दुसऱ्याला कसा द्यावा याचं अधिकृत मार्गदर्शन. पडद्यावर दोन माणसं. ‘पहिली पायरी’ अशी पाटी येते, एकाच्या हातातला डबा दुसऱ्याच्या हातात जातो, आभार मानले जातात, खेळ खलास. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घासाघीस करून डिस्क बदलून घेणाऱ्या पोरांना यातला विनोद समजावून सांगावा लागला नाही. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने तो नियम मागे घेतला.

त्या फिल्ममधला हसरा, चष्मेवाला गृहस्थ म्हणजे शुहेई योशिदा. तेव्हा सोनीचे जगभरातले सगळे स्टुडिओ त्यांच्या हाताखाली होते. फेब्रुवारी १९९३ मध्ये, पहिलं प्लेस्टेशन बाजारात यायच्याही आधी, ते त्या विभागात दाखल झाले आणि १५ जानेवारी २०२५ रोजी निवृत्त झाले. बातमी आली तसा ठरलेला सूर लागला: एका पर्वाचा अंत, आता प्लेस्टेशनचं काय होणार, वगैरे. गेल्या दहा-बारा वर्षांत या धंद्यातून असे बरेच जाणते गेले आणि दर वेळी हाच सूर लागला. मला तो बहुतेक वेळा उशिराचा वाटतो. मोठा माणूस दाराबाहेर पडतो त्या दिवशी फारसं काही बदलत नाही. बदलायचं ते आधीच बदललेलं असतं, आपल्याला कळतं तेव्हा फक्त निरोप-समारंभ उरलेला असतो.

योशिदांच्याच बाबतीत खरी तारीख नोव्हेंबर २०१९ ही आहे. तेव्हा स्टुडिओंची सूत्रं गुरिला या डच स्टुडिओच्या हर्मन हल्स्ट यांच्याकडे गेली आणि योशिदांना छोट्या, स्वतंत्र गेमकर्त्यांची बाजू सांभाळण्याचं काम मिळालं. हे काम घ्या किंवा कंपनी सोडा, एवढाच पर्याय आपल्यापुढे होता, असं त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलं. जपानी कंपनीत आयुष्य घालवलेल्या माणसाने इतकं स्पष्ट बोलावं हेही विशेषच.

त्या खुर्चीत बसून ते करत काय होते? कोड लिहीत नव्हते, चित्रंही काढत नव्हते. अशा कारभाऱ्याचं मुख्य काम असतं थांबणं, आणि दुसऱ्यांना थांबू देणं. ‘जर्नी’ हा गेम घ्या. लाल झगा घातलेली एक आकृती वाळवंटातून डोंगराकडे चालत जाते, वाटेत एखादा अनोळखी सहप्रवासी भेटतो, त्याच्याशी बोलता येत नाही, सगळा खेळ दोन-तीन तासांत संपतो. असा गेम एका वर्षात व्हायचा ठरला होता. त्याला तीन वर्षं लागली आणि तो २०१२ मध्ये आला. ‘द लास्ट गार्डियन’ तर २००९ मध्ये जाहीर झाला आणि २०१६ च्या डिसेंबरात हाती पडला. मधल्या काळात त्याचे कर्ते फुमितो उएदा यांनी सोनीची नोकरीही सोडली आणि बाहेर राहून तो पुरा केला. ताळेबंद बघणाऱ्या कुठल्याही माणसाने हा प्रकल्प तीनदा बंद केला असता.

अर्थात जाणत्याला सगळं कळतं असंही नाही. ‘डेमन्स सोल्स’ जवळपास तयार झाल्यावर योशिदांनी तो दोनेक तास खेळून पाहिला, त्यांना तो भिकार वाटला आणि सोनीने तो पाश्चात्त्य देशांत स्वतः काढायचा नाही असं ठरलं. अमेरिकेत तो ॲटलसने काढला आणि चालवून दाखवला. पुढे याच घराण्यातून ‘डार्क सोल्स’ आणि ‘एल्डन रिंग’ आले. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आलं तेव्हा सोनीने पहिल्या दिवशी जे गेम दुकानात मांडले, त्यांत ‘डेमन्स सोल्स’चा रीमेक होता. ही चूक योशिदांनी स्वतःच चारचौघांत सांगितली आहे.

आता पैशाकडे वळू, कारण खरं पाणी तिथे मुरतं. गेम कंपन्या खर्चाचे आकडे कधी सांगत नाहीत. २०२३ च्या जूनमध्ये मात्र एक गंमत झाली. मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड विकत घेऊ नये म्हणून अमेरिकेत खटला चालू होता. त्यात सोनीने सादर केलेल्या कागदांवरचे गुप्त आकडे कोणीतरी काळ्या मार्करने खोडले, आणि मग ते कागद स्कॅन केले. स्कॅनमध्ये मार्करखालची अक्षरं वाचता येत होती! ‘द लास्ट ऑफ अस’चा दुसरा भाग सुमारे २२ कोटी डॉलर, ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ सुमारे २१ कोटी २० लाख डॉलर. पाच-सहा वर्षं, शेकडो माणसं आणि शेवटी एक डबा, जो लोक एकदा खेळून कपाटात ठेवणार किंवा मित्राला देणार. इतका पैसा एका फटक्यावर लावायचा तर झोप कुणाला लागेल?

यावर जो उतारा सापडला त्याचं नाव लाइव्ह सर्व्हिस. एकदा विकून मोकळं व्हायचं नाही. खेळाडूला वर्षानुवर्षं आत ठेवायचं आणि नवे पोशाख, नवे हंगाम, नवी शस्त्रं विकत राहायचं. ‘फोर्टनाइट’ची कमाई सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. सोनीने २०२२ मध्ये बंजी हा स्टुडिओ ३६० कोटी डॉलरना घेतला आणि मार्च २०२६ पर्यंत दहाहून जास्त लाइव्ह सर्व्हिस गेम आणू असं गुंतवणूकदारांना सांगितलं. पुढे ती संख्या कंपनीनेच खाली आणली, ‘द लास्ट ऑफ अस’चा ऑनलाइन गेम डिसेंबर २०२३ मध्ये रद्द झाला आणि मग आला ‘कॉन्कॉर्ड’. २३ ऑगस्ट २०२४ रोजी तो विक्रीला आला, ६ सप्टेंबरला बंद झाला. दोन आठवडे! घेतलेल्यांचे पैसे परत केले गेले आणि ऑक्टोबरमध्ये तो बनवणारा फायरवॉक स्टुडिओही सोनीने मिटवला.

निवृत्तीनंतर योशिदा एका मुलाखतीत म्हणाले की हल्स्ट यांच्या जागी आपण असतो तर या धोरणाला विरोध केला असता. कदाचित त्यामुळेच आपल्याला तिथून हलवलं असेल, असंही त्यांनी हसत जोडलं. ऐकायला गोड आहे, पण मी यावर पूर्ण विसंबणार नाही. एक तर नंतर बोलणं सोपं असतं. दुसरं, याच धोरणातून फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’ आला आणि बारा आठवड्यांत त्याच्या १ कोटी २० लाख प्रती खपल्या. आणि तिसरी गोष्ट कुणी फारशी बोलत नाही: फायरवॉक काही पोरासोरांचा स्टुडिओ नव्हता. ‘हेलो’ आणि ‘डेस्टिनी’ ज्या बंजीने केले, तिथले मुरलेले लोक त्यात होते. घरात जाणते असणं वेगळं आणि त्यांना ‘हे नको, थोडं थांबू’ म्हणता येणं वेगळं.

सोनीचं खरं नुकसान मला दुसरीकडे दिसतं. टोकियोचा जपान स्टुडिओ १९९३ पासूनचा. एप्रिल २०२१ मध्ये तो गुंडाळला गेला. ‘सायलेंट हिल’चे मूळ दिग्दर्शक केइचिरो तोयामा आदल्याच वर्षी तिथून निघून स्वतःचा स्टुडिओ काढून बसले होते. जपान स्टुडिओतली एक छोटी तुकडी, टीम आसोबी, तेवढी शिल्लक ठेवली. त्या तुकडीने २०२४ मध्ये ‘ॲस्ट्रो बॉट’ नावाचा पांढऱ्या यंत्रमानवाचा उड्या मारायचा गेम केला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला तो हाच. ज्या वर्षी ‘कॉन्कॉर्ड’ बुडाला त्याच वर्षी! मोडलेल्या घरातून वाचलेल्या भांड्यातच पंगत उठली म्हणायची.

जाणत्याच्या जाण्याचं सर्वांत गाजलेलं प्रकरण कोनामीचं. हिदेओ कोजिमा १९८६ मध्ये तिथे लागले, पुढच्याच वर्षी ‘मेटल गिअर’ आला आणि पुढची जवळपास तीस वर्षं त्यांचं नाव आणि कंपनीचं नाव एका दमात घेतलं गेलं. २०१५ मध्ये बिनसलं. ‘सायलेंट हिल्स’ रद्द झाला, त्याचा ‘पी.टी.’ हा फुकट मिळणारा नमुना दुकानातून काढून टाकला गेला (तो ज्यांच्या मशीनवर राहिला त्यांनी ती मशीन चढ्या भावाने विकायला काढली), आणि ‘मेटल गिअर सॉलिड ५’च्या वेष्टनावरून कोजिमांचं नाव गायब झालं. डिसेंबरात त्या गेमला पुरस्कार मिळाला तेव्हा कोनामीच्या वकिलांनी त्यांना समारंभाला जाऊ दिलं नाही. हे मंचावरून सांगितलं गेलं तेव्हा सभागृहाने कोनामीची हुर्यो उडवली. त्याच महिन्यात कोजिमांनी सोनीच्या मदतीने स्वतःचा स्टुडिओ जाहीर केला.

तेव्हा सगळे म्हणाले, कोनामी संपली. झालं काय? २०१८ मध्ये त्यांच्याशिवाय काढलेला ‘मेटल गिअर सर्व्हाइव्ह’ पडला, हे खरं. पण कंपनीला काही तहान लागली नव्हती. तिच्याकडे फुटबॉलचा गेम होता, मोबाइल होता, जुगाराच्या यंत्रांचा आणि व्यायामशाळांचा धंदा होता. मग तिने दुसरी वाट धरली: जुने गेम नव्याने करायचे, तेही बाहेरच्यांचे हात घेऊन. पोलंडच्या ब्लूबर टीमने केलेला ‘सायलेंट हिल २’चा रीमेक ऑक्टोबर २०२४ मध्ये आला आणि तो चांगला उतरला. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘मेटल गिअर सॉलिड डेल्टा’ आला. २००४ चाच गेम, चकाचक केलेला, कोजिमांविना. कोजिमांनी इकडे ‘डेथ स्ट्रँडिंग’चे दोन भाग काढले. पोटापाण्याच्या हिशेबात दोघांचंही भागलं. बुडालं ते एवढंच, की कोनामीच्या पैशाने आणि कोजिमांच्या डोक्याने जो तिसरा प्रकार होऊ शकला असता तो आता होणार नाही. ‘पी.टी.’मधला तो एक बोळ ज्यांनी खेळलाय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. तोच बोळ, तेच वळण, दर फेरीला थोडासा बदललेला. बाकी काही नाही, आणि तरी पुढे पाऊल टाकवत नाही.

निन्टेन्डोकडे मात्र जरा थांबून बघायला हवं, कारण जाणत्यांना निरोप देण्याचा प्रसंग या घरावर अनेकदा आला आणि दर वेळी घर उभं राहिलं. गुनपेई योकोई १९६५ मध्ये तिथे लागले तेव्हा कंपनी पत्ते छापायची आणि योकोई त्या कारखान्यातली यंत्रं दुरुस्त ठेवायचे. फावल्या वेळात त्यांनी लाकडी पट्ट्यांचा लांब होणारा एक चिमटा केला. मालकांनी तो पाहिला आणि खेळणं म्हणून बाजारात आणला. पुढे ‘गेम अँड वॉच’, कंट्रोलरवरचं अधिक चिन्हाचं ते बटण, आणि १९८९ चा गेम बॉय, सगळं याच माणसाचं. स्वस्त, जुनं, पचलेलं तंत्र घ्या आणि त्याचा भलताच उपयोग शोधा, ही त्यांची रीत. गेम बॉयचा पडदा हिरवट आणि चार छटांचा. स्पर्धकांचे पडदे रंगीत होते. पण चार सेलवर तो दहा-पंधरा तास चालायचा आणि किमतीला स्वस्त, म्हणून टिकला तो. १९९५ चा व्हर्च्युअल बॉय आपटला, १९९६ मध्ये योकोई बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी रस्त्यावरच्या अपघातात गेले. त्यांची रीत मात्र मागे राहिली. २००६ चा वी आणि २०१७ चा स्विच याच रीतीने झाले, स्पर्धकांपेक्षा दुबळे आणि वापरायला निराळे.

सातोरू इवाता यांचं जाणं याहून अवघड होतं. जुलै २०१५, वय ५५, अध्यक्षपदावर असतानाच कर्करोगाने मृत्यू. वी यू हा कन्सोल तेव्हा पडून होता. जानेवारी २०१४ मध्ये आकडे घसरले तेव्हा इवातांनी माणसं काढली नाहीत. काही महिन्यांसाठी स्वतःचा पगार निम्मा केला आणि इतर वरिष्ठांनीही कात्री लावून घेतली. त्यांचं म्हणणं असं, की नोकरी जाईल या धास्तीत बसलेला माणूस लोकांना आनंद देणारा खेळ करू शकत नाही. ते गेल्यानंतर वीस महिन्यांनी, मार्च २०१७ मध्ये, स्विच आला आणि सोबत ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’. त्याचे दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी हे २००१ पासून ‘झेल्डा’ मालिकेवर काम करत आले होते, आधी कॅपकॉममध्ये, मग निन्टेन्डोत. ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’ २०२३ मध्ये आला तेव्हा निर्माते होते ताकाशी तेझुका, १९८४ पासून तिथेच असलेले. दिग्दर्शन धाकट्या पिढीच्या शिरो मोरी यांचं. अध्यक्ष दोनदा बदलले तरी दोन पिढ्या एका खोलीत बसत राहिल्या. कारण साधं आहे, त्यांना कुणी काढलं नाही.

जिथे काढतात तिथलं चित्र बघायला टँगो गेमवर्क्स पुरेसा आहे. ‘रेसिडेंट इव्हिल’वाले शिन्जी मिकामी यांनी २०१० मध्ये तो टोकियोत काढला, धाकट्यांना दिग्दर्शनाची संधी मिळावी हा हेतू ते उघड सांगत. जानेवारी २०२३ मध्ये जॉन जोहानास यांनी दिग्दर्शित केलेला ‘हाय-फाय रश’ आला, गाण्याच्या ठेक्यावर मारामारीचा, मजेदार. काम झालं असं मानून पुढच्याच महिन्यात मिकामी निघाले. वारसा सोपवण्याचं याहून नेटकं उदाहरण सापडायचं नाही. आणि मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्टुडिओ बंद केला! ॲक्टिव्हिजनसाठी ६,८७० कोटी डॉलर मोजून वर्षही झालं नव्हतं. ऑगस्टमध्ये कोरियाच्या क्राफ्टनने टँगोची माणसं आणि ‘हाय-फाय रश’चे हक्क घेतले म्हणून ती विखुरली नाहीत. बीजीएमआयमुळे आपल्याकडच्या पोरापोरांना माहीत असलेली हीच ती कंपनी. २०२५ मध्ये तिने ‘रिअल क्रिकेट’ करणाऱ्या पुण्याच्या नॉटिलस मोबाइलचाही बहुतांश हिस्सा घेतला.

काही जाणते जातात ते बरंच होतं, हेही सांगितलं पाहिजे. युबिसॉफ्टमध्ये कुठला गेम कसा असावा याचा शब्द वर्षानुवर्षं सर्ज हास्कोएत यांचा चालायचा. कामाच्या जागी छळाच्या तक्रारी उघड झाल्यावर जुलै २०२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि २०२५ मध्ये फ्रान्समधल्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं. अशा माणसाच्या ‘दृष्टी’साठी कुणी हळहळण्याचं कारण नाही. त्याच कंपनीतले पात्रिस देसिले यांची कथा उलटी. २००३ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ आणि नंतरचा ‘असॅसिन्स क्रीड’ त्यांच्या डोक्यातून आले. २०१० मध्ये ते सोडून टीएचक्यूकडे गेले. टीएचक्यू दिवाळखोर झाली, तिचा माँट्रियलचा स्टुडिओ नेमका युबिसॉफ्टनेच घेतला आणि काही महिन्यांत देसिलेंना नारळ दिला. आपल्या अर्धवट गेमचे हक्क परत मिळवायला त्यांना २०१६ उजाडलं.

याच ‘सँड्स ऑफ टाइम’चा रीमेक युबिसॉफ्टने सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर केला आणि तो पुणे व मुंबईच्या स्टुडिओंकडे होता. इतक्या मोठ्या नावाचं मुख्य काम भारतात होतंय याचं अप्रूप मोठं होतं. पण पहिलीच झलक पाहून चित्रं जुनाट दिसतात अशी ओरड झाली, तारीख पुढे गेली आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलला परत नेलं गेलं. आपल्याकडच्या मुलांना जमलं नाही, अशी शेरेबाजी तेव्हा झाली. मला ती अन्यायाची वाटते. मूळ खेळ ज्यांनी घडवला ते दुसऱ्या खंडात, त्यांतला म्होरक्या दहा वर्षांपूर्वीच बाहेर पडलेला, आणि इथल्या तुकड्या मुख्यतः दुसऱ्यांच्या गेमला हातभार लावून शिकलेल्या. विचारायचं कुणाला? त्याच सुमारास पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स या छोट्या तुकडीने ‘राजी’ हा स्वतःचा गेम आणून दाखवला होता, तेव्हा हात कमी होते म्हणावं तर तसंही नाही.

सगळ्या गदारोळात ज्यांच्या जाण्याची बातमी होत नाही ते वेगळेच. या धंद्यातल्या नोकरकपातीचा ढोबळ हिशेब ठेवणारे सांगतात की २०२३ मध्ये दहा हजारांवर आणि २०२४ मध्ये चौदा हजारांवर लोकांना घरी बसवलं गेलं. त्यांत आठ-दहा वर्षं काम केलेली माणसं असतात. कॅमेरा भिंतीत घुसू नये म्हणून काय करायचं, उडी मारल्यावर पात्र किती वेळ हवेत ठेवलं की बोटांना बरं वाटतं, असलं बारीकसारीक त्यांना ठाऊक असतं. ते कुठल्या पुस्तकात नाही. उद्याचे योशिदा आणि तेझुका यांच्यातूनच व्हायचे. शिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेची टांगती तलवार आहेच. अमेरिकेतल्या आवाज-कलाकारांनी त्यापायी जुलै २०२४ पासून जवळपास वर्षभर संप केला.

पुढची मोठी परीक्षा कॅलेंडरवर लागलेली आहे. रॉकस्टारचे डॅन हाउझर, ‘जीटीए’ आणि ‘रेड डेड रिडेम्प्शन’च्या संहितांमागचा मुख्य हात, मार्च २०२० मध्ये कंपनी सोडून गेले. त्याआधी लेस्ली बेन्झीज गेले होते, ज्यांनी ‘जीटीए ३’पासून प्रत्येक मोठा भाग मार्गी लावला. ‘जीटीए ६’ची आता जाहीर असलेली तारीख १९ नोव्हेंबर २०२६ आहे, दोनदा पुढे ढकललेली. बंगळुरूतल्या रॉकस्टार इंडियाचे लोकही त्यावर राबतात. १९९७ मध्ये सुरू झालेला ध्रुव इंटरॲक्टिव्ह हा आपल्याकडचा जुना स्टुडिओ २०१९ मध्ये त्यातच विलीन झाला. गेम खपेल, यात मला शंका नाही. मी बघणार आहे ते रस्त्यावरच्या फालतू माणसांचे संवाद, रेडिओवरच्या खोट्या जाहिराती, पाटीवरची चावट नावं. हाउझर गेल्यावर त्यांच्या खोलीत कोण बसलं ते तिथे कळेल.